विश्लेषण : वस्तू दीडशेची, टपाल ऐंशीचे! ऑनलाइन किरकोळ विक्रीत पार्सल कशाने पाठवावे?

नेरूळच्या घरात बसून कुणी वारली चित्रांची बुकमार्क आणि भेटकार्डे विकते, कुणी खारघरमधून मुलाची स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तके काढते, तर कुणी कोपरखैरणेत क्रोशाच्या बाहुल्या विणून इन्स्टाग्रामवर टाकते. वस्तूची किंमत शंभर ते अडीचशे रुपये. ऑर्डर येते, आनंद होतो, आणि मग नागपूरच्या गिऱ्हाईकाला पाकीट पाठवायला ऐंशी रुपये लागतात हे कळते. महाग वस्तूच्या विक्रीत टपालखर्च हा शेवटचा तपशील असतो. स्वस्त वस्तूच्या विक्रीत मात्र धंदा चालणार की नाही हे तोच ठरवतो. त्यातच गेल्या काही काळात टपाल खात्याच्या सेवा आणि दर दोन्ही बदलले आहेत. अनेकांच्या डोक्यात मात्र अजून जुनाच हिशेब आहे.

पोस्टात नेमके काय बदलले?

सर्वांत मोठा बदल म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. ‘रजिस्टर करून टाका, स्वस्त पडेल आणि पोहोचही मिळेल’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला त्यामुळे आता लागू नाही. काउंटरवर रजिस्टर मागितले तरी पाकीट स्पीड पोस्टनेच जाते. ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हाती द्यावे असे वाटत असेल, तर स्पीड पोस्टवर ५ रुपये आणि कर भरून ‘रजिस्ट्रेशन’ ही जोडसेवा घ्यावी लागते. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट हाती देण्याची सोयही तेवढ्याच शुल्कात मिळते.

दुसरा बदल दरांचा. १९८६ मध्ये सुरू झालेल्या स्पीड पोस्टचे दर २०१२ नंतर थेट १ ऑक्टोबर २०२५ रोजी बदलले. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक दर १९ रुपये आणि उर्वरित देशभर कुठेही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला स्थानिक २४ रुपये. त्यापुढे अंतराप्रमाणे २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, हजारपर्यंत ६८, दोन हजारपर्यंत ७२ आणि त्याहून दूर ७७ रुपये. २५१ ते ५०० ग्रॅमच्या गटात हेच आकडे स्थानिक २८ पासून सुरू होऊन ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३ रुपयांपर्यंत जातात. या सर्वांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. हे दर ‘डॉक्युमेंट’ प्रकारातील पाकिटांचे आहेत. पार्सलचे दरपत्रक वेगळे असते. त्यामुळे तुमची वस्तू कोणत्या प्रकारात घेतली जाईल हे पहिल्याच वेळी काउंटरवर दाखवून विचारून घ्यावे, म्हणजे गिऱ्हाईकाला सांगितलेला आकडा चुकत नाही.

पन्नास ग्रॅमची रेघ

वरच्या दरांत छोट्या विक्रेत्याच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. पाकीट ५० ग्रॅमच्या आत असेल तर ते पुण्याला जावो, नागपूरला की गुवाहाटीला, दर ४७ रुपयेच. करासह ५५ रुपये ४६ पैसे. तेच पाकीट ५५ ग्रॅमचे झाले की नागपूरसाठी ६८ रुपये, करासह ८० रुपये २४ पैसे. पाच ग्रॅमने जवळपास २५ रुपये खाल्ले. बुकमार्कची जोडी, कागदी भेटकार्डे, राख्या, पोस्टकार्ड आकाराची चित्रे असा माल विकणाऱ्यांसाठी ही रेघ फार महत्त्वाची आहे.

आणि हे पाच ग्रॅम बहुधा वस्तूचे नसतातच. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, दुहेरी बबल रॅप, त्यावर सढळ हाताने फिरवलेली सेलोटेप आणि वर ‘धन्यवाद’चे जाड कार्ड यांचे असतात. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा इथे कामाला येतो. रिकाम्या पाकिटासह वजन करून पाहिले, एक पुठ्ठा काढला, जाड कार्डाऐवजी पातळ चिठ्ठी ठेवली, की पाकीट ४८ ग्रॅमवर येते. वस्तू मोडेल इतकी कंजुषी करू नये हे खरे; पण बुकमार्कला टीव्हीसारखे गुंडाळण्याचीही गरज नसते.

दर सपाट असल्यामुळे आणखी एक सोय होते. जाहिरातीतच ‘टपालखर्च भारतभर ५५ रुपये’ असे लिहिता येते. प्रत्येक गिऱ्हाईकाला पिन कोड विचारा, मग हिशेब करून सांगा, तोवर त्याचा उत्साह संपलेला, हा प्रकार टळतो. एकाच पाकिटात दोन-तीन वस्तू बसत असतील तर तीनचा संच विकणे जास्त शहाणपणाचे. एका बुकमार्कवर ५५ रुपयांचे टपाल डोळ्यांत भरते, तिघांवर विभागले की १८ रुपयांच्या आसपास येते.

‘स्थानिक’ दराबाबत नवी मुंबईकरांनी जरा सावध राहावे. वाशीहून दादरला जाणारे पाकीट आपल्याला गावातलेच वाटते, पण दर ठरतो तो पिन कोडच्या हिशेबाने. ५१ ते २५० ग्रॅमच्या गटात स्थानिक आणि २०० किलोमीटरपर्यंतच्या दरात ३५ रुपयांचा फरक आहे. इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावरील दरगणकात दोन्ही पिन कोड टाकून पाहायला मिनिटभर लागते.

जुनी पुस्तके विकणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता

पुस्तके पाठवायला स्पीड पोस्ट वापरणे म्हणजे भाजी आणायला टॅक्सी करणे. १ मे २०२५ पासून पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू आहे. शैक्षणिक, तसेच सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक विषयांवरील छापील पुस्तके तीत पाठवता येतात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० ग्रॅमपर्यंत २५, एक किलोपर्यंत ३५, दोन किलोला ५०, तीनला ६५, चारला ८० आणि पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. अंतराचा प्रश्नच नाही. पनवेलला पाठवा नाही तर पाटण्याला, दर तोच. शिवाय पाकिटाचा माग ऑनलाइन काढता येतो, जी सोय पूर्वीच्या साध्या बुक पोस्टला नव्हती.

अटी आहेत. पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव हवे. जाहिरातवजा, व्यापारी स्वरूपाचे छापील साहित्य आणि नियतकालिके चालत नाहीत, म्हणजे दिवाळी अंकांचा जुना गठ्ठा यातून पाठवण्याचा विचार असेल तर तो सोडावा. विद्यार्थ्याने हाताने लिहिलेल्या नोट्सही छापील पुस्तकात मोडत नाहीत. पाकिटात खासगी पत्र घालू नये आणि वर ‘ज्ञान पोस्ट’ असे ठळक लिहावे.

आणि ही सेवा रस्त्याने-रेल्वेने जाणारी आहे, विमानाने नाही. त्यामुळे वेळ लागतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेल्या विद्यार्थ्याला पुस्तक विकत असाल तर हे आधीच सांगायला हवे. बऱ्याच तक्रारी उशिराच्या नसतातच, न सांगितलेल्या उशिराच्या असतात. ७०० ग्रॅमचे जुने पुस्तक १५० रुपयांना विकले आणि ४१ रुपयांत पोहोचले, तर गिऱ्हाईक आठवडाभर थांबायला सहसा तयार असते.

कुरिअर स्वस्त पडते का?

काही वेळा पडते, पण काउंटरवर ऐकलेला आकडा अंतिम धरू नये. वाशी-नेरूळच्या प्रत्येक सेक्टरमध्ये एखादे तरी कुरिअरचे दुकान आहे, आणि महिन्याला वीस-पंचवीस पार्सले देणाऱ्याला तिथे दर कमी करून मिळतो. विचारायच्या गोष्टी मात्र वेगळ्या : सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, वजनाचा पहिला टप्पा अडीचशे ग्रॅमचा की पाचशेचा, गिऱ्हाईक घरी नसेल तर किती वेळा जातात, आणि पार्सल परत आले तर परतीचे पैसे कोण भरणार.

वस्तू हलकी पण फुगीर असेल तर आणखी एक सापळा आहे. खासगी कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि ‘आकारमानाचे वजन’ यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचे, हे त्याचे प्रचलित सूत्र. ३०० ग्रॅमची क्रोशाची बाहुली २५ बाय २० बाय १५ सेंटीमीटरच्या खोक्यात घातली तर ७,५०० भागिले ५,००० म्हणजे दीड किलो झाले! तीच बाहुली कुरिअरच्या प्लास्टिक पिशवीत दाबून ४ सेंटीमीटर उंचीत बसवली, तर वजन भरते ४०० ग्रॅम. घरात पडलेले ऑनलाइन खरेदीचे खोके फुकट मिळाले म्हणून वापरणे पुष्कळदा असे महागात जाते. लोकर, कापड, मऊ खेळणी यांना खोके लागतच नाही.

शिपरॉकेटसारख्या मध्यस्थ अ‍ॅपवरून अनेक कुरिअर कंपन्यांचे दर एकत्र पाहता येतात आणि घरून पार्सल उचलले जाते. सोय मोठी आहे. मात्र कंपनीच्या केंद्रात पार्सल पुन्हा मोजले जाते, आणि तुम्ही सांगितलेल्यापेक्षा वजन जास्त निघाले तर फरक नंतर तुमच्या खात्यातून कापला जातो. यावर उपाय एकच : पार्सल बंद केल्यावर वजनकाट्यावर ठेवून आणि बाजूला टेप धरून फोटो काढून ठेवायचा. वाद घालायची वेळ आली की तोच पुरावा. मीशो किंवा अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेतून विकत असाल तर वाहतूकदार बहुधा तेच ठरवतात. तुमच्या हातात उरते ते पॅकिंगचे वजन आणि वस्तूची किंमत.

गावाकडच्या गिऱ्हाईकाचे गणित निराळे असते. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यातली बहुसंख्य ग्रामीण भागात. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या एखाद्या गावच्या पत्त्यावर काही कुरिअर पार्सल तालुक्याच्या ठिकाणी ठेवून गिऱ्हाईकालाच यायला सांगतात. दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी एसटीचे भाडे खर्चून कोण येईल? अशा पत्त्यांना पोस्टच बरे, चार रुपये जास्त गेले तरी.

सीओडी : मागणी रास्त, हिशेब कठीण

वस्तू हातात आल्यावर पैसे देण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. पोस्टाची व्ही.पी. १८७७ पासून आहे. पुस्तके, पंचांगे, औषधे ‘व्ही.पी.ने मागवा’ अशा जाहिरातींवर कित्येक पिढ्या वाढल्या, आणि न सोडवलेली व्ही.पी. परत येणे ही तेव्हाच्या प्रकाशकांचीही डोकेदुखीच होती. आजचे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हे त्याचेच नवे रूप. अनोळखी इन्स्टाग्राम पानाला आधी पैसे पाठवायला गिऱ्हाईक कचरते, यात त्याचे काही चूक नाही.

पण स्वस्त वस्तूला परत आलेले पार्सल झेपत नाही. उदाहरणादाखल आकडे धरू. बाहुली २५० रुपयांना विकली, लोकर आणि मेहनत मिळून खर्च १२०. कुरिअर ६० रुपये आणि सीओडीचे शुल्क ३०. म्हणजे पोहोचलेल्या प्रत्येक बाहुलीमागे ४० रुपये राहिले. पार्सल नाकारले गेले तर जाण्याचे ६० आणि येण्याचे ६०, असे १२० रुपये अंगावर. दहापैकी दोन परत आली, तर आठ बाहुल्यांचे ३२० रुपये आणि वजा २४०, हाती राहिले ८०. तीन परत आली, तर २८० वजा ३६०, म्हणजे ८० रुपयांचा तोटा. दहापैकी सात ऑर्डर यशस्वी होऊनही खिशातून पैसे गेले. परत आलेली पिशवी चुरगळली, बाहुली मळली, ते वेगळेच.

आता हेच उलटे करून पाहा. यूपीआयने आधी पैसे देणाऱ्याला ३० रुपये सवलत दिली, तर वस्तू २२० रुपयांना गेली. त्यातून १२० आणि ६० वजा केले की ४० रुपयेच उरतात. म्हणजे तुमचा नफा तेवढाच राहिला, गिऱ्हाईकाचे ३० रुपये वाचले आणि नाकारले जाण्याची भीती जवळजवळ संपली. सीओडीच हवी म्हणणाऱ्याकडून निदान टपालखर्चाचे ६० रुपये आधी घ्यावेत. ज्याने ६० रुपये भरले तो दार सहसा बंद करत नाही. पत्ता पक्का करणारा एक फोन पाठवण्याआधी केला, तर गंमत म्हणून नोंदवलेल्या ऑर्डर तिथेच गळतात.

पैसे घेतानाची सावधगिरी वेगळी. ‘मी आर्मीत आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असे सांगणारे खरेदीदार जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर नेहमी भेटतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

माग काढण्याची सोय आणि विमा कशासाठी?

साध्या टपालाचे पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जाते. तीस-चाळीस रुपयांचे स्टिकर किंवा एखादे भेटकार्ड विकणाऱ्याला हा मोह होणारच. अडचण पाकीट हरवण्याची नसते. बहुतेक पाकिटे पोहोचतात. अडचण ‘मला मिळालेच नाही’ या संदेशाची असते. तो खरा असो वा खोटा, तुमच्याकडे दाखवायला काहीच नसते. माग काढता येणारी सेवा वस्तूचे रक्षण करत नाही, ती वादात तुमच्या बाजूने बोलते. म्हणून गिऱ्हाईक पुन्हा पैसे मागेल आणि तुम्हाला ते देणे परवडेल, अशाच वस्तूला साधे टपाल योग्य. चाळीस रुपयांच्या स्टिकरला ५५ रुपयांचे स्पीड पोस्ट लावण्यापेक्षा, वाद झाल्यास दुसरे स्टिकर पाठवणे स्वस्त.

विम्याचेही तसेच. स्पीड पोस्ट हरवल्यास भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती, असा पोस्टाचा वर्षानुवर्षांचा नियम आहे. ८० रुपयांच्या पाकिटाला त्यातून १६० मिळतील. दीडशेच्या वस्तूला ते जवळजवळ पुरते, तीन हजारांच्या वस्तूला अजिबात नाही. खासगी कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात छापलेली जबाबदारीची रक्कमही एकदा वाचून पाहावी. स्वस्त वस्तूला वेगळा विमा काढण्यापेक्षा प्रत्येक पार्सलमागे दोन-तीन रुपये बाजूला ठेवणे सरळ. शंभरात एक पार्सल गेले असे धरले, तर दीडशेच्या वस्तूला पार्सलमागे दीड रुपया पुरतो.

नवी मुंबईतल्या नवी मुंबईत

गिऱ्हाईक हार्बर मार्गावरचे असेल तर टपालाची गरजच नसते. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर ते पनवेल अशी स्थानके एका ओळीत आहेत. तिकीट खिडकीजवळ ठरल्या वेळी वस्तू देणे-घेणे हा इथे रुळलेला प्रकार आहे, आणि तिथे पैसेही समोरासमोर मिळतात. ऑफिसला जाता-येताना जमत असेल तर खर्च शून्य. दिवसाची वेळ आणि गर्दीची जागा एवढे पाळले म्हणजे झाले. अ‍ॅपवरून दुचाकीस्वार बोलावून त्याच दिवशी पाठवायचे असेल तर त्याचे भाडे गिऱ्हाईकाने थेट द्यावे, असे आधीच ठरवून घ्यावे.

महाराष्ट्रापुरती विक्री ठेवण्याला करांच्या दृष्टीनेही अर्थ आहे. घरातल्या जुन्या वस्तू काढणाऱ्याला जीएसटीची चिंता नाही. पण नियमित धंदा करणाऱ्यांपैकी ज्यांची उलाढाल मर्यादेच्या, म्हणजे वस्तूंसाठी वर्षाला ४० लाख रुपयांच्या आत आहे, त्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स मंचावरून राज्यातल्या राज्यात विकण्यासाठी पूर्ण जीएसटी नोंदणी सक्तीची राहिलेली नाही. पोर्टलवर नावनोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर मात्र, हस्तकलेसारखे अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. सुरुवातीला राज्याबाहेरची ऑर्डर घेण्याची घाई न केलेली बरी.

पत्ता लिहिताना

नवी मुंबईच्या पत्त्यांची एक खोड आहे. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरूळमध्येही आणि खारघरमध्येही. ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ एवढ्याच पत्त्यावर पार्सल फिरत राहते आणि शेवटी परत येते, म्हणजे परतीचे पैसे पुन्हा तुमच्याच माथी. उपनगराचे नाव आणि पिन कोड हे दोन्ही हवेतच. वाशी ४००७०३, कोपरखैरणे ४००७०९, नेरूळ ४००७०६, बेलापूर ४००६१४. पण खारघर ४१०२१० आणि पनवेल ४१०२०६. पहिले तीन अंक टपाल कोणत्या वर्गीकरण जिल्ह्यात जाईल ते सांगतात. त्यामुळे खारघरच्या पत्त्यावर सवयीने ४०० ने सुरू होणारा पिन टाकला, की पाकीट आधी भलतीकडेच जाते. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक पाकिटाच्या मागे लिहावा, पत्त्यावर पारदर्शक टेप लावावी. पावसाळ्यात शाई पसरली की पोस्टमनही काही करू शकत नाही.

पावतीवरचा १३ अक्षरी क्रमांक त्याच दिवशी गिऱ्हाईकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा आणि पावतीचा फोटो काढून ठेवावा, कारण त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते. पाकीट अडकलेच तर इंडिया पोस्टच्या १८०० २६६ ६८६८ या टोल फ्री क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तिथे पहिल्यांदा हाच क्रमांक विचारतात.